भीतीची साक्ष



संपादकीय पाळीपाळीने लिहायचे हा आपल्या गटाचा नियम. या वेळी पाळी माझी. विषय पुष्कळ होते, पण गेली काही वर्षे मनात रुतून बसलेली एक गोष्ट लिहिल्याशिवाय दुसरे काही सुचेना. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे. आधी ती सांगते. मग त्या चुकीने मला जे वाचायला आणि विचार करायला लावले, ते तुमच्यापुढे ठेवते.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली होती. तिचे नाव लिहीत नाही, ताई म्हणते. लग्नाला नऊ वर्षे, दोन मुले. नवरा मारायचा, कधी पिऊन, कधी न पिता. आमच्याकडे आली तेव्हा माहेरी येऊन तिला दीड वर्ष झाले होते. नवरा दुसऱ्या तालुक्यात, तो इकडे फिरकतही नव्हता. तरी गल्लीत कुणी मोटरसायकल लावली, स्टँडचा खटका वाजला, की भाकरी थापणारा तिचा हात जागीच थांबायचा. घशाला कोरड पडायची, तळहाताला घाम फुटायचा. आई म्हणायची, "अगं, शेजारचा पोरगा आलाय." तिलाही ते कळत होते. कळूनही हात हलत नसे. भाऊ म्हणायचा, "नाटकं करते." तिने मला विचारले, "मॅडम, मला वेड लागलंय का?"

मी म्हटले, "तसं काही नाही. तो इथे नाही, हे मनाला समजावत जा." ही माझी पहिली चूक. पण खरी चूक पुढची आहे.

तिची ४९८-अ ची केस साक्षीपुराव्याला आली तेव्हा आणखी अडीच वर्षे उलटली होती. सरकारी वकिलांना वेळ नव्हता, म्हणून तिची तयारी मीच करून घेतली. एका कागदावर रकाने आखले. तारीख, वेळ, कुठे मारले, कशाने मारले, कोण बघत होते. तिला स्टँडचा खटका आठवत होता. शेजारच्या टीव्हीवर कोणती मालिका चालू होती ते आठवत होते. मोरीत पडल्यावर तोंडाला लागलेली साबणाच्या पाण्याची चव आठवत होती. पण तो मार दिवाळीच्या आधीचा की नंतरचा, आधी हात उगारला की पट्टा, ते काही केल्या सांगता येईना. मला रकाने भरायची घाई. "म्हणजे दिवाळीच्या आधीच असेल ना? मग ऑक्टोबर लिहूया," असे म्हणत ते मीच भरले आणि तिच्याकडून घोकून घेतले.

उलटतपासणीत अर्ध्या तासात त्या रकान्यांच्या चिंध्या झाल्या. दवाखान्याच्या कागदावर डिसेंबरची तारीख होती. "तुम्ही ऑक्टोबर म्हणता, कागद डिसेंबर म्हणतो, खरं काय?" ती गप्प. "एवढा मार खाल्ला म्हणता, मग तारीख कशी आठवत नाही?" ती गप्प. "ओरडला का नाहीत?" ती गप्पच. संशयाचा फायदा मिळून नवरा सुटला. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "मॅडम, मी खोटं नाही बोलले. पण मला खरं सांगता नाही आलं."

हे वाक्य माझी पाठ सोडीना. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मी मुलाखत कशी घ्यावी ते शिकले, नोंदी कशा ठेवाव्यात ते शिकले. कायदा काम करता करता शिकले. पण जी बाई घाबरलेली आहे तिची आठवण कशी चालते, हे मला कुणी शिकवले नाही आणि मीही कधी विचारले नाही. त्यानंतर वाचू लागले. मी काही मेंदूशास्त्रज्ञ नाही. जे समजले ते आपल्या कामाच्या भाषेत सांगते.

आपल्या भाषेने भीती नेहमी अंगातच दाखवली आहे. काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो, पाय लटपटतात, बोबडी वळते, दातखीळ बसते. जुन्या बायकांना हे ठाऊक होते. शास्त्राला ते मोजून दाखवायला बराच काळ लागला.

१९११ साली जिनिव्हाच्या क्लापारेद नावाच्या डॉक्टरने एक प्रयोग नोंदवला. त्याच्या दवाखान्यातली एक बाई नवे काहीच लक्षात ठेवू शकत नसे. रोज भेटणाऱ्या डॉक्टरलाही ती रोज नव्याने भेटत असे. एक दिवस त्याने हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. टाचणी टोचली. थोड्या वेळाने ती हे सारे विसरली, पण पुन्हा त्याने हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता आले नाही. पुस्तकांतून डॉक्टरचे नाव असते, टाचणी टोचून घेणाऱ्या बाईचे नसते. पण तिने आपल्याला एक मोठी गोष्ट शिकवली आहे: डोके विसरले तरी अंग विसरत नाही.

हे कसे होते याचा शोध न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जोसेफ लडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून घेतला. उंदराला एक आवाज ऐकवायचा आणि लगेच पायाला हलका विजेचा झटका द्यायचा. थोड्याच वेळात नुसता आवाज ऐकूनही उंदीर जागच्या जागी थिजतो, त्याचा रक्तदाब चढतो. लडू यांनी आवाज मेंदूत कोणत्या वाटेने जातो ते शोधले. आवाजाचा अर्थ लावणारा मेंदूच्या वरच्या थरातला भाग काढून टाकला तरी उंदीर थिजायला शिकत होता. म्हणजे दुसरी एक जवळची वाट होती. ती मेंदूच्या आत खोलवर, अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागाशी थेट जाते. लांबच्या वाटेने आवाज नीट ओळखला जातो, पण त्याला वेळ लागतो. जवळच्या वाटेने नुसते 'सावध!' एवढेच पोचते, पण आधी पोचते.

आता पुन्हा ताईची भाकरी डोळ्यांसमोर आणा. स्टँडचा खटका वाजतो, हात थांबतो, आणि मग कळते की हा शेजारचा पोरगा. कळते ते नंतर. मी तिला सांगत होते, मनाला समजव. पण तिच्या मनाला समजलेलेच होते. जे थांबत होते ते मनाच्या आधीचे होते.

या दोन आठवणी वेगवेगळ्या आहेत याचा पुरावा माणसांतही मिळाला. १९९५ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विशिष्ट रंग दिसला की कर्णकर्कश भोंगा वाजायचा. ज्याच्या अमिग्डालाला इजा झाली होती, त्याला कोणत्या रंगानंतर भोंगा वाजतो ते बिनचूक सांगता येई, पण तो रंग दिसल्यावर तळहाताला घाम फुटत नसे. ज्याच्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा होती, त्याचे उलट. त्याला सांगता काहीच येईना, पण तळहाताला घाम फुटे. तिसऱ्याचे दोन्ही भाग गेले होते, त्याच्याकडे यातले काहीच नव्हते. सांगता येणारी आठवण आणि अंगाची आठवण या दोन वेगळ्या जागी राहतात. कोर्ट, पोलीस ठाणे आणि माझे रकाने मात्र एकीलाच ओळखतात.

इथे एक सावधगिरीची सूचना देते. हल्ली मासिकांतून 'अमिग्डाला म्हणजे भीतीचे केंद्र' असे सरसकट छापले जाते. खुद्द लडू यांनीच पुढे त्याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की अमिग्डाला धोका टिपते आणि अंगाला तयार करते. 'मी घाबरले आहे' ही जाणीव त्याहून मोठी असते, आणि ती आपल्या आठवणी, आपली भाषा, आपली समज या सगळ्यांतून घडते. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन बाईची अमिग्डाला आजाराने नष्ट झाली होती. ती साप हातात घेई, तिला भीती वाटत नसे. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला कार्बन डायॉक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली तेव्हा ती भयंकर घाबरली. म्हणजे गोष्ट एका बदामाएवढी सोपी नाही. आपल्या कामापुरता याचा अर्थ असा: बाईचे अंग थरथरत असेल आणि तरी ती म्हणेल, 'मला भीती नव्हती वाटत.' यात खोटे काहीच नाही. तिच्या भीतीला अजून शब्द मिळालेले नसतात, इतकेच.

मग घाबरलेल्या माणसाच्या लक्षात काय राहते? कॅलिफोर्नियातले जेम्स मॅगॉ आणि त्यांचे सहकारी यांनी हा प्रश्न अनेक वर्षे लावून धरला. ताणाच्या वेळी अंगात जी संप्रेरके सुटतात ती आठवण पक्की करतात असे त्यांना दिसले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांनी लोकांना चित्रांसह एक गोष्ट सांगितली. तिच्या मध्यावर एका मुलाला अपघात होतो. ऐकणाऱ्यांना हा मधला भाग सर्वांत चांगला आठवला. पण संप्रेरकांचा परिणाम अडवणारी गोळी ज्यांना आधी दिली होती, त्यांना तो भाग इतर भागांपेक्षा जास्त आठवला नाही. म्हणजे भीती आठवण पक्की करते, पण सगळी नाही. जिथे जीव अडकला होता तेवढे लख्ख राहते. कडेचे पुसट होते. कोणत्या क्रमाने काय झाले, कुठल्या महिन्यात झाले, हे जोडून ठेवण्याचे काम बरेचसे हिप्पोकॅम्पसचे, आणि फार तीव्र ताणात त्याचेच काम विस्कळीत होते. साबणाच्या पाण्याची चव आठवते आणि महिना आठवत नाही, हे ताईच्या खोटेपणाचे लक्षण नव्हते. मार खाणाऱ्या माणसाची आठवण अशी असू शकते.

इथे आपणही प्रामाणिक राहायला हवे. लख्ख आठवण म्हणजे बिनचूक आठवण नव्हे. अडखळत बोलणे हा खरेपणाचा पुरावा नाही, तसाच तो खोटेपणाचाही नाही. आणि आठवण बदलू शकते. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांचे सहकारी पामर यांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून वेग विचारला. प्रश्नात 'लागल्या' ऐवजी 'आदळल्या' अशा अर्थाचा शब्द घातला की लोक जास्त वेग सांगत. लॉफ्टस यांचे संशोधन अनेकदा आरोपींच्या बाजूने कोर्टात मांडले गेले, म्हणून आपल्यातल्या अनेकींना ते नकोसे वाटते. मला मात्र ते वाचताना माझाच आवाज ऐकू आला: "दिवाळीच्या आधीच असेल ना?" विरोधी वकिलाने ताईची आठवण मोडली असे मी लोकांना सांगत असे. पण तिच्यात परका शब्द पहिल्यांदा घातला तो मी.

आता 'ओरडला का नाहीत' या प्रश्नाकडे येऊ. आपल्या चळवळीचा तर जन्मच या प्रश्नाशी बांधलेला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक त्यांनी मांडला. त्यानंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या.

तेव्हा आपण जे अनुभवाच्या आणि न्यायाच्या बळावर म्हणत होतो, त्याला आता संशोधनाचा आधार आहे. जिवावर बेतते तेव्हा प्राणी लढतो किंवा पळतो, आणि दोन्ही वाटा बंद झाल्या की थिजतो. अंग लाकडासारखे होते, आवाज फुटत नाही. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडित स्त्रियांसाठीच्या तातडीच्या केंद्रात घटनेनंतर महिन्याभरात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी अंग लक्षणीय प्रमाणात थिजल्याचे सांगितले, ४८ टक्के स्त्रियांच्या बाबतीत ते अतितीव्र होते. अशा स्त्रियांना सहा महिन्यांनंतर आघातोत्तर ताणाचा विकार आणि तीव्र नैराश्य होण्याची शक्यताही अधिक दिसली. ओरडली नाही ती कमी घाबरली होती असे नव्हे. उलट तिलाच पुढे जास्त सोसावे लागू शकते.

कायद्याने हे अर्धेमुर्धे का होईना मान्य केले आहे. बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या कलमात स्पष्ट लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही ते कायम आहे. आठवणीबद्दलही सर्वोच्च न्यायालय १९८३ सालीच भरवाडा भोगीनभाई खटल्यात बोलले आहे. साक्षीदाराकडे छायाचित्रासारखी स्मृती असण्याची अपेक्षा करू नये, बारीकसारीक विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये, असे त्या निकालात आहे. १९९६ च्या पंजाब सरकार विरुद्ध गुरमीत सिंग या निकालानेही लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत हीच दिशा दाखवली. ताईच्या साक्षीच्या वेळी मला हे निकाल माहीत नव्हते. आपल्या किती केंद्रांच्या कपाटात ते आहेत?

यातली आणखी एक गोष्ट वाचून मी एकटीच हसले आणि मग चिडले. भीतीचे बहुतेक प्रयोग नर उंदरांवर झाले आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की मेंदूविज्ञानात फक्त नरांवर केलेले अभ्यास फक्त माद्यांवर केलेल्या अभ्यासांच्या साडेपाच पट होते. आणि उंदीर घाबरला हे कशावरून ठरवायचे? तो थिजला यावरून. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात रिबेका शान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माद्यांकडे नीट पाहिले. २०१५ साली त्यांनी प्रसिद्ध केले की बऱ्याच माद्या आवाज ऐकून थिजत नाहीत, त्या एकदम सुसाट धावतात. म्हणजे फक्त थिजणे मोजणाऱ्याच्या वहीत त्यांची नोंद 'घाबरली नाही' किंवा 'शिकली नाही' अशी झाली असती. बायांनो, उंदरांच्या पिंजऱ्यातसुद्धा मोजपट्टी पुरुषाची होती! आपल्या केंद्रात येणारी एखादी रडत नाही, थरथरत नाही, तरातरा बोलत सुटते, हसते, मध्येच उठून घर झाडायला जाते. 'हिला काही झालेले दिसत नाही' असे आपल्यातलीच कुणी म्हणते तेव्हा आपल्या हातात कोणती मोजपट्टी असते?

आता चिंतेविषयी. समोर आलेल्या धोक्याची ती भीती, आणि कधी येईल ठाऊक नसलेल्या धोक्याची ती चिंता, असा ढोबळ फरक करतात. केंद्रात येणाऱ्या बायका एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सांगतात: "मारतो त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं. मारत नाही ते दिवस खायला उठतात." पूर्वी मला हे कोड्यासारखे वाटे. १९७० च्या सुमारास जे वाइस या संशोधकाने दोन उंदरांना सारखेच झटके दिले. एकाला आधी इशाऱ्याचा आवाज ऐकू येई, दुसऱ्याला नाही. ज्याला इशारा मिळत नव्हता त्याच्या पोटात कितीतरी जास्त जखमा झाल्या. झटके सारखेच होते, पण एकाला निदान आवाज नसताना विसावा होता, दुसऱ्याला तो कधीच नव्हता. कोणत्या गोष्टीवरून पेटेल याचा नेम नसलेल्या नवऱ्याच्या घरात बाईला असाच विसावा नसतो. भाजीत मीठ जास्त झाले म्हणून, कमी झाले म्हणून, आणि बरोबर झाले तर 'आज एवढी खूश का' म्हणून. हा लहरीपणा स्वभावदोष म्हणून सोडून द्यायचा नाही. हुकूमत टिकवायचे ते हत्यार आहे, आणि ते हात न उचलताही चालते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक छळाचा समावेश आहे तो याचसाठी, पण आपण अर्ज लिहिताना अजूनही वळ शोधतो.

चिंताविकार स्त्रियांत पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतात. याचा 'बायका जात्याच भित्र्या' असा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतील. संप्रेरकांचा भाग असेलही, शोध चालू आहे. पण अंधार पडल्यावर रस्त्यावर आणि उजेडात घरातही जिला सावध राहावे लागते, तिचा मेंदू सावध राहायला शिकला तर त्यात नवल काय?

म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. भीती जाते कशी? आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला आणि झटका दिलाच नाही तर उंदीर हळूहळू थिजायचा थांबतो. पण पावलॉव्हच्या काळापासून माहीत आहे की ही शिकवण जुनी पुसून टाकत नाही. काही काळ गेला की भीती परतते. मार्क बाउटन यांनी दाखवले की जागा बदलली की भीती परतते. निर्धास्तपणा जिथे शिकला तिथेच तो पक्का असतो. कपाळामागचा मेंदूचा भाग 'आता धोका नाही' हे नव्याने शिकतो आणि जुन्या आठवणीला आवर घालतो, पण ती आठवण खाली असतेच. केंद्रात आपल्यासमोर शांत झालेली बाई घराच्या उंबऱ्यावर पुन्हा का थरथरते, याचे उत्तर इथे आहे. ती आपले ऐकत नाही असे नव्हे.

आणि यातला 'झटका दिलाच नाही' हा भाग विसरू नका. धोका खरोखर संपला असेल तरच भीती कमी होण्याला अर्थ आहे. जी अजून त्याच घरात आहे, तिची भीती हा आजार नाही, ती अचूक माहिती आहे. तिला 'घाबरू नकोस' म्हणणे म्हणजे तिच्या हातातली काठी काढून घेणे. मारणारा तिथेच, पोलीस तक्रार घेईनात, माहेर दार उघडेना, आणि आपण तिला दीर्घ श्वास शिकवायचा, ही समाजसेवा नव्हे. मेंदूच्या शास्त्राचा हा उपयोग कुणी करू पाहील तर त्याला आपण ठाम नकार दिला पाहिजे. भीती तिच्या मेंदूत असते, भीतीचे कारण मात्र तिच्या घरात, गावात, ठाण्यात असते.

याचा अर्थ उपचार नकोत असा मुळीच नाही. धोका संपल्यावरही जिची झोप उडालेली आहे, जिला तेच तेच दिसते, तिला मानसोपचाराने गुण येऊ शकतो, औषधानेही येतो. गोळी घेणे म्हणजे हार नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने सरकारी यंत्रणेतून असे उपचार मिळणे हा हक्क मानला आहे. मुंबईत महापालिका आणि 'सेहत' यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात उभे केलेले 'दिलासा' केंद्र दाखवते की दवाखान्यात जखम बांधतानाच हिंसेविषयी विचारता येते. फक्त क्रम चुकू नये: आधी सुरक्षितता, मग बाकीचे.

मग आपण काय करायचे? आमच्या केंद्रात आम्ही काही गोष्टी बदलल्या, त्या सांगते. पहिल्या भेटीत तारखेपासून सुरुवात करत नाही. 'काय आठवतंय तिथून सांगा' म्हणतो, मग ती चव असो की आवाज. तिचे शब्द त्याच दिवशी, तिच्याच बोलीत लिहून घेतो. जिथे आठवत नाही तिथे 'आठवत नाही' असेच लिहितो, रकाना भरत नाही. तिला तेच ते ठिकठिकाणी सांगावे लागू नये म्हणून ती नोंद, तिची परवानगी घेऊन, पुढे देतो. २००० साली लडू यांच्याच प्रयोगशाळेत करीम नाडर यांनी उंदरांवर दाखवले होते की आठवण वर काढली की ती काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्के व्हावे लागते. माणसाच्या बाबतीत यावर अजून काम चालू आहे, पण दहा जणांनी दहा वेळा उकरू नये एवढे समजायला तेवढे पुरे आहे.

साक्षीच्या आधी तिला एकदा रिकामे कोर्ट दाखवून आणतो. 'आठवत नाही' हे पूर्ण आणि खरे उत्तर आहे, हे तिला सांगतो. पाठ करून घेत नाही. संवेदनशील साक्षीदारांसाठी जबाबाची वेगळी केंद्रे उभारण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिले. आपल्या जिल्ह्यात ते केंद्र आहे का, चालते का, हे विचारत राहणे आपल्या गटांचे काम आहे.

ताई अजून माहेरीच आहे. पोटगीचा वेगळा अर्ज होता, तो मंजूर झाला. शिवणकाम करते. मध्यंतरी मी तिला हे सगळे, उंदीर, टाचणी, जवळची वाट आणि लांबची वाट, जमेल तसे सांगितले, आणि रकान्यांबद्दल माफीही मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी वेडी नव्हते." आणि थोड्या वेळाने, "हे तवाच सांगायचं होतं मॅडम, जज्जसायबाला." स्टँडचा खटका वाजला की हात तिचा अजून थांबतो. पण आता भाऊ 'नाटकं' म्हणत नाही, कारण तिने त्याला टाचणीची गोष्ट सांगितली आहे.

तुमच्या केंद्रात, तुमच्या गटात असे अनुभव असतील. साक्ष फसली ती कशी, टिकली ती कशामुळे, जबाब घेताना तुम्ही काय करता, काय टाळता, हे जरूर लिहून पाठवा. नावे बदला, गाव बदला, पण चुका लपवू नका. माझी मी लिहिली आहे.

— संपादक मंडळातर्फे